डाव्या हातात फायदा, उजव्या हातात शंका

"गिळा नायतर फेका! पण त्या पोराची बाही सोडा आधी!"

काकू ओट्यावरून ओरडत होत्या. कोपऱ्यावर आमच्या कंपनीची बस हॉर्न देत होती आणि ड्रायव्हर खिडकीतून मान काढून माझ्या घराण्याची विचारपूस करत होता. ज्या पोराची बाही धरलेली होती तो मी, आणि धरणारे आमचे घरमालक अण्णा, म्हणजे काकूंचे यजमान. त्यांच्या डाव्या तळहातावर हळदीची एक पिवळीजर्द कॅप्सूल होती. उजवा तळहात रिकामा असायचा, कारण त्यात शंका असायची. पण मी निसटायला लागलो की ते शंका टाकून बाही धरायचे, आणि शंका दाखवायची वेळ आली की बाही सोडून पुन्हा हात पसरायचे. या सोडण्याधरण्याच्या मधल्या फटीतून मी रोज सकाळी नोकरीला जात होतो.

"इनिस्पेक्टर, एकच सांग अन् जा. घ्यावी का नको?"

मी इन्स्पेक्टर वगैरे नव्हतो. चितेगावच्या एका कारखान्यात पंख्यांची पाती तपासायचो. पात्याला टिचकी मारायची, कान लावायचा, वाकडं असलं तर बाजूला टाकायचं. पण एकदा 'तपासणी खात्यात आहे' असं तोंडातून गेलं आणि त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल माझं मत सरकारी झालं.

"अण्णा, डॉक्टरला विचारा ना."

"डॉक्टरला विचारलं की त्यो सांगून मोकळा व्हतो. मंग तोलायचं काय?"

बस गेली. त्या वर्षी ती इतक्यांदा माझ्याशिवाय गेली, की माझी सीट नेमकी कुठली हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

अण्णा मूळचे देवगाव रंगारीकडचे. वडील मेंढरं वळायचे. अण्णा शिकले, पाटाच्या पाण्याची मोजणी करायच्या नोकरीला लागले आणि निवृत्त होऊन शहराच्या कडेला, आमच्या सातारा परिसरात घर बांधून राहिले. नोकरीची शेवटची वर्षं अशी कोरडी गेली, की मोजायला पाणी राहिलं नाही. पण मोजायची सवय एकदा हाडात शिरली की ती बाहेर निघत नाही. मग ते जे समोर येईल ते मोजायला लागले. डाव्या हातात फायदा, उजव्या हातात शंका. दोन्ही हात छातीपुढे धरायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि हात हळूहळू वरखाली करायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस अदृश्य म्हशीचं दूध काढू राहिलाय.

मी खोली बघायला गेलो तेव्हा मलासुद्धा त्यांनी असंच तोललं होतं. मी दारात उभा. हातात बॅग, अंगात घाम.

"एकटा माणूस," ते डावा हात उचलून म्हणाले, "फायदा. पाणी कमी लागंल." मग उजवा हात उचलला. "शंका. एकटा कामून हाये?"

काकूंनी आतून येऊन माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि खोलीत नेऊन टाकली, म्हणून मी तिथं राहिलो. नाहीतर मी अजून त्या दारातच उभा असतो आणि त्यांनी मला नंबराची पाटी ठोकली असती.

त्यांच्यासोबत गुलमंडीवर चप्पल घ्यायला गेलो होतो, ती हकीकत तर मी लोकांना सांगतच नाही, कारण कुणी विश्वास ठेवत नाही. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा मालक तरुण होता. येताना रिक्षावाल्यानं भाडं सांगितलं, तर हे त्याच्यापुढेही हात पसरून उभे. रिक्षात फायदा काय, शंका काय. तो बिचारा स्टिअरिंगवर हनुवटी टेकून म्हणाला, "चचा, बैठना है तो बैठो, नक्को तो नक्को बोलो. गाडी की पासिंग खतम होरी." शेवटी आम्ही चालत आलो. नवी चप्पल घेतलीच नव्हती आणि जुनी वाटेत तुटली.

आणि बोअरची गोष्ट. त्या वर्षांत आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे नशीब. आजूबाजूला कालपर्यंत ज्वारी होती, आज तिथं चार मजली अपार्टमेंट. प्रत्येक अपार्टमेंटनं जमिनीला भोक पाडून ठेवलेलं. अण्णांनी बोअर घ्यावी म्हणून पानाड्या आणला. तो तळहातावर नारळ ठेवून अंगणात फिरला, एका ठिकाणी नारळ उभा राहिला. "इथं घ्या." झालं, अण्णांनी दोन्ही हात काढले. उत्तरेचा शेजारी बोअर घेऊन मोकळा झाला, दक्षिणेचाही झाला, मागच्या बिल्डरनं तर दोन घेतल्या, आणि अण्णा अजून तोलतच होते. शेवटी जेव्हा मशीन आणलं तेव्हा खालून नुसता फुफाटा निघाला. मशीन खोल, अजून खोल, इतकं खोल गेलं की मला खात्री आहे, खालून कुणीतरी "कोन हे रे?" म्हणून ओरडलं. काकूंनी त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णांनी त्या अबोल्याचाही फायदा आणि शंका काढली होती. फायदा मला सांगितला, तो इथं लिहिता येत नाही.

तर अशा माणसाच्या हातात पुण्याच्या जावयानं हळदीच्या कॅप्सूलांचा डबा दिला. मला त्या जावयाचा राग अजून गेलेला नाही. अण्णांचे गुडघे दुखायचे हे खरं. उठताना असा आवाज यायचा, की शेजारच्यांना वाटायचं कुणीतरी दार उघडलं. जावई म्हणाला, "बाबा, हळदीचा अर्क आहे. पुण्यात सगळे घेतात."

झालं. सकाळी दूधवाल्यापुढे डबा, दुपारी कुरिअरवाल्यापुढे डबा, संध्याकाळी कट्ट्यावर डबा. फायद्याचं पारडं असं होतं: हळद सूज उतरवते हे आजीपासून ठाऊक. गुडघ्याला काही जणांना खरंच बरं वाटतं. तिच्यात मिऱ्याचा अर्क घातलाय, म्हणजे अंगात चांगली मुरते. शंकेचं पारडं असं: इतकी मुरायची गरज काय? रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यानं जपावं म्हणतात. पित्ताचे खडे असतील तर जपावं म्हणतात. डब्यावर चित्र ताज्या हळकुंडाचं आहे, पण आतली पूड कुठल्या शेतातली हे कुणाला ठाऊक? बरं वाटणाऱ्यांना हळदीनं वाटतं, की आपण काहीतरी घेतोय या समाधानानं वाटतं?

खोटं कशाला बोलू, शंका एकेक रास्त होत्या. फायदेही अगदीच हवेतले नव्हते. माझं भांडण त्या तोलण्याशी नव्हतंच. माझं म्हणणं एवढंच, की ते माझ्या बाहीशी का?

"अण्णा, आता काय ते ठरवा," मी एकदा हात जोडले. "पाया पडतो."

"ठरवू म्हणतोस?"

"ठरवा. काहीही ठरवा."

"मंग रविवारी गाडी काढ."

रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे घेऊन आमच्याच साताऱ्याच्या खंडोबाला गेलो. देवळात गर्दी. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात एकत्र केले, त्यात भंडारा घेतला, मूठ वळली आणि देवाकडे बघून खड्या आवाजात म्हणाले, "मल्हारी, ह्या गुडघ्यांनी मागचा डोंगर चढून दाखवीन, तवर रोज गोळी घेईन. खाडा करनार नाय."

त्यांच्या लोकांत भंडारा उचलून शब्द दिला की विषय संपला. त्यांच्या वडिलांनी एकदा तसा भंडारा उचलून तंबाखू सोडली होती. पुढं म्हातारपणी दाढ ठणकत होती तेव्हा वैद्यानं तिथं तंबाखू दाबायला सांगितली, तर म्हाताऱ्यानं तोंड असं मिटलं की दोन दिवस जेवायलासुद्धा उघडलं नाही. घरात ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगायचे.

मला काय, मी आनंदानं स्कूटर उडवतच घरी आणली. सोमवारी मला बस मिळाली. मंगळवारीही मिळाली. ड्रायव्हरनं मला विचारलं, नवीन लागलात का?

पण ज्या माणसानं उभ्या जन्मात काही ठरवलं नाही, त्यानं एकदा ठरवलं की ते कसं अंगावर येतं ते बघा. आठवड्यानं काकूंनी मला सांगितलं, एकाच्या जागी दोन चालू झाल्या. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन. डब्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं तर म्हणाले, "मधी तोलन्यात लई दिवस गेले. ती भरपाई करू राहिलो."

त्यानंतर जे जे झालं, त्या प्रत्येकाला दुष्काळानं एक कारण आयतं देऊन ठेवलं होतं. अण्णांची भूक गेली. काकू म्हणाल्या, टँकरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, माझ्या हाताला नावं ठेवू नका. अंगाला खाज सुटली. सगळ्या गल्लीलाच सुटली होती, दोन दोन दिवस आंघोळ नव्हती. दुपारभर झोपून राहायला लागले. पाऊस नसलेल्या वर्षी कार्तिकातही असं ऊन, दुसरं करणार काय? आणि लघवी गडद पिवळी व्हायला लागली, तेव्हा तर माणूस हरखून गेला.

"इनिस्पेक्टर," जिन्यात गाठून मला हळू आवाजात म्हणाले, "हळद लागू पडली. पार खालपर्यंत पोचली."

"अण्णा, मला ड्यूटीला जायचंय."

"नमुना दाखवू?"

मी त्या दिवशी बसच्या पुढे पळत होतो.

आणि मग चंपाषष्ठी आली. त्या दिवशी साताऱ्यात काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. येळकोट येळकोट जय मल्हार! ओंजळीच्या ओंजळी भंडारा उधळला जातो. माणसं पिवळी, रस्ता पिवळा, पोलिसाची टोपी पिवळी, कुत्री पिवळी. मी माझी समजून दुसऱ्याचीच स्कूटर घेऊन निघालो होतो. या सगळ्या पिवळ्या समुद्रात आमचे अण्णाही पिवळे. त्यांच्याकडे वेगळं बघणार कोण?

घरी आलो. माझ्या वाट्याला एक तांब्या पाणी आलं, त्यात मी तोंड आणि मान उरकली. दुसऱ्या दिवशी बहुतेक गल्ली पुसून झाली. अण्णा तसेच.

"अवो, धुवा की ते तोंड," काकू.

"भंडारा धुयाचा नसतो. आपोआप उतरतो."

तिसऱ्या दिवशीही उतरला नाही. चौथ्या दिवशी टँकर आला नाही म्हणून काकूंनी स्वतःच विषय काढला नाही. उलट शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "आमच्यांनी चार दिवस झाले तोंड धुतलं नाय, पानी वाचिवतात." मी रोज येता जाता बघत होतो. पात्याला केसाएवढा बाक असला तरी ओळखणारा माणूस मी, पण मलासुद्धा तो भंडाराच दिसला. कारण भंडारा तिथं असणं इतकं साहजिक होतं.

पाचव्या दिवशी जावई येणार होता. काकूंनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात पदराचं पांढरं टोक बुडवलं आणि अण्णांचं कपाळ खसाखसा पुसलं. "पावन्यापुढं असं नवरदेवावानी बसनार का?" पदर बघितला. पांढरा. गाल पुसला. पुन्हा पदर पांढरा. मग त्यांनी अंगठ्यानं अण्णांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत बघितलं.

मी ओट्यावर बूट घालत होतो. ज्या बाईचा आवाज बीड बायपासपर्यंत जायचा, ती माझ्या कानाशी येऊन वाकली. तेव्हा मी घाबरलो.

"पोरा, गाडी काढ," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मी दोनदा विचारलं.

जालना रोडच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण चेहऱ्यावर दिवसभर तेच तेच सांगून दमलेल्या माणसाचा वैताग होता. त्यांना आधी टँकरच्या पाण्याचाच संशय आला. त्या वर्षी सगळ्यांना सगळ्याच बाबतीत तोच यायचा. तपासण्या झाल्या, त्यात तसलं काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "काय काय घेता?" अण्णांनी उशीखालून डबा काढून दाखवला.

"दिवसाला किती?"

"चार. चांगल्या हायेत. घेता का?"

डॉक्टरीणबाईंनी डबा वाचला, पुन्हा वाचला. "आजोबा, लिव्हरला सूज आली आहे. ही कावीळ बहुधा याच गोळ्यांमुळे झाली आहे. सगळ्यांना असं होत नाही, फार थोड्यांना होतं, पण होतं. आजपासून बंद. बंद केलं की बहुतेकांची उतरते. चालू ठेवलं तर लिव्हर कधी साथ सोडेल, सांगता येत नाही."

"पन हळद तर आमी लहानपनापसून खातो."

"जेवणातली खा ना. पोळीला तूप लावणं वेगळं आणि तुपाचा डबा तोंडाला लावणं वेगळं."

अण्णांनी सवयीनं दोन्ही हात छातीपुढे आणले. एका हाताला सलाईन होतं. थोडा वेळ हात वरखाली झाले आणि मग त्यांनी ते खाली ठेवून दिले.

"डॉक्टरबाई, तुमचं पारडं जड हाये. मान्य. पन म्या भंडारा उचललाय. भंडारा तोलत नसतात."

आणि खरं सांगतो, संध्याकाळच्या दोन गोळ्या त्यांनी नर्सच्या डोळ्यांदेखत गिळल्या. नर्सनं आरडाओरडा केला. जावई आला, त्यानं पुण्याच्या पद्धतीनं समजावलं, म्हणजे इंग्रजी शब्द घालून. मी डबा ओढायला गेलो तर माझं मनगट असं धरलं, की इतकी वर्षं धरलेली बाही हे त्यांचं प्रेम होतं हे मला तेव्हा कळलं. मी चिडून म्हणालो, "अण्णा, चप्पल घ्यायला तुम्हाला आख्खा दिवस पुरला नाही, आणि मरायचं एका मिनिटात ठरवता?"

"मरायचं कुठं ठरिवलं? डोंगर चढायचं ठरिवलंय."

"ह्या काविळीनं?"

"ते देवाला ठाऊक. शब्द त्याला दिलाय. सोडवंल तर त्योच सोडवंल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल रे पोरा. देवळात नेऊन सोड मला. देवालाच इचारते." अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हलकं वाटल्याचं दिसलं. "कौल नीट लाव," ते मागून म्हणाले. "उजवा का डावा ते बघून ये. घाई करू नको."

आम्ही निघालो. बायपास ओलांडल्यावर काकू मागून म्हणाल्या, "आधी घरी घे." घरी घेतली. त्यांनी नळाला तोंड लावून बघितलं, नळानं सुस्कारा टाकला. हंड्यातलं थोडं पाणी घेऊन त्यांनी हातपाय धुतले, खिचडी टाकली, ती डब्यात भरली, अण्णांचं धोतर आणि टॉवेल पिशवीत कोंबला. मला अर्धा कप चहा दिला, स्वतः बशीत ओतून प्यायल्या. मग देव्हाऱ्यातल्या डबीतला भंडारा चिमटीत घेऊन स्वतःच्या कपाळाला आडवा ओढला आणि थोडा कागदाच्या पुडीत बांधला.

"चल."

"देवळात?"

"दवाखान्यात. खिचडी गार व्हईल."

वॉर्डात अण्णा उठून बसले होते. डबा मांडीवर. त्यांचे डोळे लिंबासारखे झाले होते आणि ते काकूंच्या कपाळाकडे बघत होते.

"काय म्हनला?"

काकूंनी पुडी सोडून त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. "मोकळं केलं म्हनला. गुडघ्यासाठी शब्द दिला व्हता, जिवासाठी नव्हता म्हनला."

"कौल कोनता? उजवा का डावा?"

"उजवा."

"लगीच दिला का वाट बघायला लावली?"

"लगीच."

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. आता हात निघणार, आता पारडी लागणार, आता हा माणूस देवाच्या कौलाची शंका काढणार आणि आपल्या डोळ्यांदेखत जाणार. पण अण्णांनी हात काढले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, डबा उचलला आणि काकूंच्या पिशवीत टाकला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. मग खिचडीचा डबा उघडून वास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी वाटतंय." तीन आठवड्यांत त्यांनी जेवणाबद्दल काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

कावीळ हळूहळू उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर थांबलात. गुडघे होते तसेच राहिले, डोंगरही होता तिथंच राहिला. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी हॉस्पिटलचा जिना उतरताना मला राहवेना. मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणालो, "काकू, आपण देवळात गेलोच नाही."

काकूंनी खिचडीचा रिकामा डबा पिशवीत नीट बसवला.

"रविवारी लई गर्दी असती तिथं."